दुखापतीनंतर पुन्हा धावताना: चाल-धाव की सलग संथ धाव?

नडगीच्या हाडाला ताणाने सूक्ष्म तडा गेल्यानंतर, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, बेळगावातील लांब पल्ल्याच्या धावपटूसमोर दोन मार्ग असतात: मिनिटभर धावून दोन मिनिटे चालणे, किंवा मंद गतीने सलग धावणे. सलग धावण्यात लय लवकर सापडते. परंतु हृदय व फुप्फुसांची क्षमता हाडाच्या ताकदीपेक्षा लवकर परतत असल्यामुळे दम टिकतो, म्हणून अंतर वाढत जाते, आणि थकलेल्या पोटरीला न पेलणारा भार नडगीवर येतो. चाल-धावेत प्रत्येक विसाव्याला पाय दुखतो का, हे तपासता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना उरलीच, तर आधीच्या टप्प्यावर परतणे सोपे जाते. माझा कौल निःसंशय चाल-धावेच्याच बाजूने आहे, आणि तीही टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातील झाडीत, मातीवर, एक दिवसाआड. पावसाळ्यात माती निसरडी झाली, तर सपाट डांबरी रस्ता बरा. राजहंसगडाच्या उतारावर मात्र इतक्यात धावू नये, कारण तेथे प्रत्येक पावलाचा आघात वाढतो. धावण्याचे तुकडे दहा मिनिटांपर्यंत वाढवूनही वेदना होत नसेल, तेव्हा सलग धावेकडे वळावे.