पॅकिंगची भोकं पाडायला सुटे पंच घ्यावेत की सेट?

निपाणी-चिकोडी पट्ट्यात ज्यांचं काम पंप आणि पाइपलाइनशी आहे, त्यांना पॅकिंग, म्हणजे जोडातून गळती होऊ नये म्हणून मधे घालायचं गॅस्केट, कापणं चुकत नाही. तयार गॅस्केट बेळगावात मिळतं, पण ज्या फ्लँजवर (पाइपाच्या टोकाचं, बोल्टने आवळायचं कडं) आपण अडलोय नेमकं त्याचंच मिळेल याचा भरवसा नसतो. जुन्या पंपांच्या फ्लँजला भोकं कुणी कोणत्या मापाने पाडली ते त्यालाच ठाऊक. म्हणून शीट आणायची आणि जागेवर कापायची. बाहेरचा घेर कात्रीने निघतो, आतला पात्याने. बोल्टची भोकं मात्र पंचानेच, म्हणजे हातोड्याने ठोकायच्या पोकळ, धारदार तोंडाच्या हत्यारानेच, नीट येतात, आणि नवीन हत्यारं जमवणारा इथेच विचारतो: एक दांडा आणि बदलती तोंडं असलेला डबाबंद सेट घ्यावा, की एकेका मापाचे सुटे, एकसंध पंच?

मी दोन्ही वापरतो, त्यामुळे सेटला नावं ठेवायला बसलेलो नाही. त्याची बाजू आधी सांगतो. एका डब्यात सगळी मापं येतात आणि मोटरसायकलच्या डिकीत डबा मावतो. चांगल्या सेटमध्ये दांड्याच्या मधोमध स्प्रिंगवर टोकदार पिन असते. शीटवर खूण केली, पिन खुणेवर टेकवली की भोक बरोबर मध्यावर येतं. सुट्या पंचाला ही सोय नाही, तिथे डोळ्यानेच नेम धरावा लागतो. कॉर्क किंवा ऑइल पेपरसारख्या पातळ मालावर, इंजिनाच्या टॅपेट कव्हरसारख्या बारीक कामाला, सेट मला अजूनही हाताला बरा वाटतो.

अडचण येते ती भोकातून कापून निघणाऱ्या चकत्यांची. चार इंची फ्लँजला साधारण आठ बोल्ट असतात. पंपाची सक्शन (पाणी ओढणारी बाजू) आणि डिलिव्हरी (पाणी सोडणारी) दोन्ही उघडली की सोळा भोकं झाली, म्हणजे पंचाच्या पोटात सोळा चकत्या जाणार. सुट्या पंचाला बाजूला खिडकी असते. नवी चकती जुनीला वर ढकलते आणि ती आपसूक खिडकीतून बाहेर पडते. माझ्याकडच्या सेटच्या तोंडांना खिडकी नाही. कापड घातलेल्या तीन मिलिमीटर रबराच्या चार-पाच चकत्या आत गेल्या की त्या पिनेभोवती ओवल्या जाऊन गच्च बसतात. मग पुढच्या घावाला पंच उसळतो, भोक अर्धवट कापलं जातं आणि कापडाचे दोरे लोंबत राहतात. तोंड आट्यातून सोडवायचं, खिळ्याने चकत्या उकरायच्या, पुन्हा आवळायचं. घावांच्या हादऱ्याने आटे सैल होतात ते वेगळंच. आणि हे सगळं कधी? थ्री फेज वीज यायला थोडाच वेळ उरलेला, ऊस पाण्यावाचून ताटकळलेला आणि शेतकरी बांधावर उभा. सुट्या पंचांच्या बाजूने माझा कौल ठरवला तो या एका त्रासाने. पोलादाची प्रत, कंपनी, किंमत या गोष्टी त्यानंतरच्या.

काही सेटच्या तोंडांनाही खिडकी असते. तसा मिळाला तर माझी निम्मी तक्रार मिटते. आट्यांची मात्र राहते. ज्याचं काम महिन्यात एखादं-दुसरं पॅकिंग कापण्यापुरतं आहे, त्याला ती कदाचित जाणवणारही नाही.

सुट्या पंचांत अख्खी रांग विकत घेण्याची गरज नसते, हेही लक्षात घ्या. आपल्या भागात बारा आणि सोळाच्या बोल्टांचंच राज्य आहे. त्यांना चौदा आणि अठरा मिलिमीटरचे पंच लागतात, कारण भोक बोल्टपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं हवंच. तंग भोकात बोल्ट फिरला की पॅकिंगला पीळ बसतो आणि ते आत सरकतं. जोडीला आठच्या बोल्टसाठी नऊचा आणि दहासाठी अकराचा किंवा बाराचा घेतला की बहुतेक कामं निघतात. जाड रबराला वरचं एक माप वापरलेलं बरं. घावाखाली रबर दबतं आणि मोकळं झालं की भोक लहान होऊन बसतं. पंचाच्या धारेला साबणाचं पाणी लावलं तर तो रबरात सरळ उतरतो.

खाली काय ठेवता यावर पंचाचं आयुष्य ठरतं. लोखंडी पत्र्यावर मारलात तर धार पहिल्याच दिवशी गेली समजा. बाभळीच्या लाकडाचा उभा ठोकळा, म्हणजे रेषा खालून वर जाणारा, उत्तम. नायलॉनचा जाड तुकडा मिळाला तर तोही चालतो. घाव एकच, नेमका आणि जोरकस. चार हलके टोले मारले की कड दुहेरी येते. आणि भोकं आधी पाडा, आतला-बाहेरचा घेर नंतर कापा. उलट केलं तर भोकाजवळची अरुंद पट्टी घावाने फाटते.

राखाडी सीएएफ (दाबून केलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस तंतूंची) शीट वापरत असाल तर तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं हे विसरू नका. ती ओल्या फडक्याने पुसून मगच पंच मारावा. कडा ग्राइंडरवर घासू नये आणि चकत्या फुंकर मारून उडवू नयेत. बिनअ‍ॅस्बेस्टॉसच्या शीट आता सहज मिळतात. पाण्याच्या पंपाला त्या पुरून उरतात.

फिरत्या चाकाचा पक्कडवजा पंच चामड्याला ठीक आहे, फ्लँजच्या कामाला त्याचा जबडा पोचत नाही. फ्लँजवरच शीट धरून हातोडीने कड ठोकत पॅकिंग काढण्याची जुनी पद्धत बिडाच्या फ्लँजवर, तीही पातळ शीटला, निभते. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवर तसं करू नका, कड गोल होते आणि गळती कायमची मागे लागते.

जीआय पाइपाचा तुकडा घासून केलेला पंच पुठ्ठ्याला चालतो, रबराला त्याची धार दुमडते. त्यापेक्षा हवं ते माप बाजारात नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून करून घ्या. तिथे टर्निंग करणारे आहेत आणि हीट ट्रीटमेंटही होते. ईएन ३१ चा (बेअरिंगच्या पोलादाचा) गज द्या आणि फक्त कापणारं टोक कडक करायला सांगा. हातोडा बसतो ते डोकं मऊच राहायला हवं, कडक डोक्याची कपची उडून थेट डोळ्यात जाऊ शकते. चष्मा तरीही लावा.

दुकानात पंच निवडताना तोंड उजेडात धरून फिरवून बघा. उतार बाहेरच्या बाजूने असावा आणि आतली भिंत सरळ. धारेवर कुठे चमकणारा ठिपका दिसला तर तिथे ती बोथट आहे. मग कापड घातलेल्या रबराचा तुकडा मागा, लाकडावर ठेवा आणि एक घाव घाला. दोरा न राहता चकती सुटली आणि दुसऱ्या-तिसऱ्या घावाला खिडकीतून बाहेर आली, तर पैसे द्या. दुकानदार घाव घालू देत नसेल, तर पंच दुसरीकडून घ्या.