हेड गॅस्केट गेलं म्हणून बिल लावलं, बिघाड होता रेडिएटरच्या फॅनमध्ये

गाडी उभी राहिली की गरम व्हायची, चालायला लागली की तापमानाचा काटा आपोआप खाली यायचा. गॅरेजवाल्याला मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. सिग्नलला थांबलो की एसीची हवाही कोमट होते, हेसुद्धा सांगितलं होतं. दुखणं काय आहे ते या दोन वाक्यांतच होतं, पण ते मला कळलं महिन्याभराने. तोवर आईच्या तपासण्यांसाठी बाजूला काढलेले पैसे गॅरेजच्या बिलात गेले होते. दुसऱ्या कुणाचे असे जाऊ नयेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी नऊ वर्षांची, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ‘रात्रभर इथेच राहू द्या, सकाळी तुमच्यासमोर बघू,’ असं गॅरेजमालक म्हणाले. सकाळी त्यांनी मला तीन गोष्टी दाखवल्या. थंड इंजिनाला सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, सायीसारखा थर होता. आणि रेडिएटरचं झाकण उघडून, वरून थोडं पाणी ओतून इंजिन चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे आले. ‘हेड गॅस्केट गेलंय. हेड उघडून फेसिंग करावं लागेल. असंच चालवत राहिलात तर इंजिनच जाम होईल.’ (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. ते गेलं की ज्वलनाचा गॅस, ऑइल आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी एकमेकांत मिसळू शकतं. फेसिंग म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणं.) इंजिन जाम होईल हे ऐकल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही. मी हो म्हणालो.

या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांचा काढलेला अर्थ खोटा होता, आणि लोक फसतात ते नेमकं इथेच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पाइप थंड असेल तर ही वाफ पांढरी दिसते आणि पाइप तापला की काही मिनिटांत दिसेनाशी होते. गॅस्केट गेल्यावर येणारा पांढरा धूर इंजिन पूर्ण तापल्यावरही येतच राहतो, त्याला कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास असतो आणि टाकीतलं कुलंट कुठेही गळती न दिसता कमी होत जातं. झाकणाखालची साय रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत साध्या दमटपणानेही धरते. बघायची ती डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी. तिच्यावरचं ऑइल दुधाळ झालं असेल तर गोष्ट गंभीर आहे. माझ्या डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, पण ती काढून बघा असं मला कुणी म्हणालं नाही आणि मलाही ते माहीत नव्हतं. राहिले बुडबुडे. नुकतं पाणी ओतलेल्या रेडिएटरमधून आत अडकलेली हवा निघतेच आणि थोड्या वेळाने थांबते. गॅस्केटमधून येणारा गॅस थांबत नाही, उलट रेस दिली की वाढतो.

पाच दिवसांनी गाडी मिळाली. बिल दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढं होतं. मालकांनी जुनं, काळं पडलेलं गॅस्केट माझ्या हातात दिलं आणि जळलेली जागा बोट ठेवून दाखवली. मी ते डिकीत टाकलं. मग मला शेजारी बसवून त्यांनी मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारली. काटा पाव भागाच्या वर चढला नाही. मला फार बरं वाटलं.

पुढचे तीन आठवडे काटा कधी मधोमध आलाच नाही. आधी तो नेहमी मध्यावर असायचा. काचेवर धुकं धरलं म्हणून हीटर लावला तर हवा जेमतेम कोमट. पेट्रोलही जास्त लागायला लागलं. इंजिन थंड राहतंय म्हणजे काम चांगलं झालंय, अशी माझी समजूत. खरं तर इंजिनाला ठरलेलं तापमान लागतं आणि ते राखायचं काम थर्मोस्टॅट करतो. तो साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो आणि त्याआधी कुलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. थर्मोस्टॅटच काढून टाकला, तर कुलंट सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं, मोकळ्या रस्त्यावर काटा खालीच राहतो आणि गाडीमालक खूश होऊन घरी जातो. इंजिन मात्र अर्धवट तापलेलंच चालतं आणि जास्त पेट्रोल पितं.

मग एका संध्याकाळी वाहतूक कोंडीत अर्धा तास अडकलो आणि काटा लाल रेषेला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि झाकणाला हात लावला नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. अर्धं पाणी आणि अर्धं कुलंट हे मिश्रण झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही, पण गरम असताना झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि तेच पाणी उसळून तोंडावर, हातावर येतं. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, मग कितीही उशीर होवो.

दुसऱ्या दिवशी मित्राने एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. त्यांनी माझं तेच जुनं वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘दादा, आधी इंजिन चालू करा आणि एसी लावा.’ एसी लावला. ते वाकून फॅनकडे बघत राहिले. फॅन हलला नाही. स्कॅनर जोडला. कुलंटचं तापमान वाढत वाढत १०४ अंशांवर गेलं, तरी फॅन स्तब्ध. त्यांनी लगेच इंजिन बंद करायला लावलं. गाडी चालताना समोरून येणारी हवा रेडिएटर थंड करते, उभ्या गाडीत ते काम फॅनचं. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो, म्हणून फॅन बंद पडला की दोन्ही एकदम बिघडतात.

पुढचं त्यांनी केलं ते घरच्या घरी, जवळपास बिनखर्चाने करता येतं. फ्यूज पाहिला, शाबूत होता. फॅनचा रिले (फॅनला करंट देणारा स्विच) काढून त्या जागी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले बसवला, तरी फॅन गप्प. मग फॅनचा कप्लर, म्हणजे वायरचा जोड, सोडवला. एक पिन जळून काळी झाली होती. बॅटरीवरून थेट करंट दिला, तरी मोटर फिरली नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलकेच टकटक केल्यावर फॅन एकदा गरगरला आणि पुन्हा थांबला. ‘कार्बन ब्रश संपलेत,’ ते म्हणाले, म्हणजे मोटरच्या आत करंट पोहोचवणारे झिजणारे तुकडे. (हे करताना हात, बाही, ओढणी पात्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो.)

मग त्यांनी विचारलं, ‘हेड कधी उघडलं होतं म्हणालात?’ ते टॉर्च घेऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे हेडमधला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचे, नट बघत होते. हेड काढायचं तर मॅनिफोल्ड हेडपासून किंवा खालच्या पाइपापासून सोडवावाच लागतो. दोन्हीकडच्या नटांवर वर्षानुवर्षांचा गंज जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नाही. मी डिकीतून ते गॅस्केट आणलं. त्यांनी ते बॉनेटवर पसरलं आणि काही न बोलता सिलिंडरच्या भोकांवर एकेक बोट ठेवलं. तीन. माझ्या गाडीला सिलिंडर चार.

थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तर ते रिकामं होतं. कुलंटच्या जागी साधं पाणी, गंजाने तांबूस झालेलं.

माझ्या समाधानासाठी त्यांनी आणखी एक चाचणी केली, आणि मला वाटतं ही प्रत्येक गाडीमालकाला माहीत असायला हवी. एका नळीत निळं द्रावण घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. ज्वलनाचा गॅस कुलंटमध्ये येत असेल तर निळं द्रावण पिवळं पडतं. माझं निळंच राहिलं. हेड उघडायला पाच दिवस लागतात, ही चाचणी दहा मिनिटांत होते. कुणी ‘हेड गॅस्केट गेलंय’ म्हणालं तर ही चाचणी किंवा कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी) समोर करून दाखवायला सांगा, आणि ती होईपर्यंत एक बोल्टही सैल करू देऊ नका. टाळाटाळ केली तर गाडी उचलून दुसरीकडे न्या. काम खरंच झालं तर हेडच्या फेसिंगची मशीन शॉपची पावती मागा. गॅस्केट हातात पडताच भोकं मोजा.

ब्रश, पिन, नवा थर्मोस्टॅट आणि सिस्टीम धुऊन ताजं कुलंट, एवढं सगळं पहिल्या बिलाच्या दहाव्या भागातही बसलं. शेवटी एसी लावून गाडी पंचवीस मिनिटं उभी ठेवली. फॅन व्यवस्थित चालत राहिला आणि काटा मधोमध स्थिर राहिला. आता कोंडीतही तो तिथून हलत नाही.

गॅस्केट घेऊन मी जुन्या गॅरेजमध्ये गेलो. ‘पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं दिलं असेल,’ असं उत्तर मिळालं. मी फेसिंगची पावती मागितली. ती नव्हती. मॅनिफोल्डच्या नटांचे फोटो दाखवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी गॅस्केटचे आणि फेसिंगचे पैसे परत केले. मजुरीचे द्यायला नकार दिला. त्या रकमेसाठी मी ग्राहक तक्रार दाखल केली आहे. सोबत बिल, नटांचे फोटो, रिकाम्या हाउसिंगचा फोटो आणि इलेक्ट्रिशियनकाकांनी सही करून दिलेलं निदान जोडलं आहे. गॅस्केट अजून माझ्याकडेच आहे, सुनावणीला लागेल म्हणून.