ॲपचं सबस्क्रिप्शन की घरची हार्ड डिस्क? बरेच महिने दोन्ही वापरल्यावर

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. गाण्यांत नवं काही शोधायचं असेल, तर पैसे भरून घेतलेलं ॲप उत्तम. पण शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीतं हे घरातलं रोजचं ऐकणं असेल, तर ते आपल्याकडे फाइलींच्या रूपात असायलाच हवं. याचं कारण बहुतेक जण आवाजाच्या दर्जात शोधतात. मला ते नोंदींमध्ये, म्हणजे गाण्यासोबत येणाऱ्या गायक, राग, साथीदार, वर्ष अशा माहितीत सापडलं.

आमच्याकडे, नाशिकच्या इंदिरानगरला, हे सगळं पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालं. सासऱ्यांकडे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) सीडींची दोन खोकी, व्हीसीडी-डीव्हीडींची एक फुगलेली पिशवी आणि कॅसेटी. सीडी प्लेअरची लेन्स गेली. नवा घ्यायला मेन रोड, शालिमार पालथं घातलं, पण जो तो ब्लूटूथ स्पीकर दाखवायला लागला. मग जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकलं. घरच्या फाइली वायफायवरून टीव्ही-फोनवर लावणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, २०१८मध्ये एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं. त्याला २ टीबीची हार्ड डिस्क आणि यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर जोडला. सीडीवरून गाणी उतरवायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, माहिती भरायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड. लॅपटॉप सोडून आठेक हजारांत काम झालं. ॲपचं सबस्क्रिप्शन आधीपासून होतंच, त्यामुळे एकाच घरात दोन्हींची तुलना आपोआप झाली.

आवाजाचं पटकन उरकते. सीडीवरचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. फ्लॅक फाइल त्यातलं काही न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणते. ३२० किलोबिटची एमपी३ तासाला १४४ एमबी घेते. आम्ही घरात दोन्ही आलटून पालटून लावून पाहिल्या. मला फरक कळत नाही. अण्णांना तानपुऱ्यात कळतो म्हणे, पण कुठली फाइल कुठली हे लपवून लावल्यावर त्यांचेही अंदाज कधी बरोबर, कधी चूक. आणि ब्लूटूथच्या हेडफोनवर ऐकणार असाल तर आवाज वाटेत पुन्हा दाबला जातोच, तेव्हा केवळ ‘लॉसलेस’ (काही न गमावणारा आवाज) या शब्दापायी महागडी योजना घेऊ नका. मी फ्लॅक ठेवते ते एवढ्यासाठी, की सीडी उद्या वाचली नाही तर त्यातून पुढे कुठलाही फॉरमॅट करता येईल.

आता नोंदींकडे. नाशिकला पलुस्कर हे नाव परकं नाही. थोर शास्त्रीय गायक विष्णु दिगंबरांचा रामनाम आधार आश्रम पंचवटीतलाच. त्यांचे चिरंजीव, गायक दत्तात्रेय विष्णु, १९५५मध्ये गेले, वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. त्यांचं रेकॉर्डिंग मुळात मोजकं, त्यातही बरंच ७८च्या तबकड्यांवरचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवलेला. अण्णांचे हे देव. ॲपमध्ये मात्र या एका माणसाचे तीन कलाकार झालेत: एक आद्याक्षरांचा, एक पूर्ण नावाचा, एक ‘पंडित’ लावलेला. तिघांच्या पानांवर वेगवेगळी गाणी. एका ठिकाणी तर मुलाच्या गाण्यावर वडिलांचं नाव! अल्बमखाली वर्ष दिसतं ते सीडी निघाली त्याचं किंवा फाइल चढवली त्याचं. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, ताल कोणता, याला जागाच नाही. भावगीतांत गायकाचं नाव ठळक, गीतकार बहुधा गायब. हे सगळं सीडीच्या आतल्या कागदावर छापलेलं होतं, ते ॲपपर्यंत येता येता गळालं.

घरच्या संग्रहात ते परत भरता येतं. मी एक सोपी युक्ती केली. फाइलमध्ये ‘जॉनर’ म्हणून जो रकाना असतो, त्यात ‘क्लासिकल’ न लिहिता रागाचं नाव टाकलं. आता भूपवर बोट ठेवलं की घरातले सगळे भूप समोर येतात, गायक कुणीही असो. भावगीतांना गाण्याच्या नावापुढे आडवी रेघ मारून गीतकार लिहिला. दहा सीडींचा संच असेल तर डिस्क क्रमांकाचा रकाना न विसरता भरा, नाहीतर दहाही सीडींची पहिली गाणी एका रांगेत येतात, मग दुसरी. गीतरामायणाला हे फार महत्त्वाचं. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली, ती कथेच्या क्रमानं. ॲपवर कुणीतरी केलेल्या यादीत ती अक्षरानुक्रमे लागली होती आणि शफल चालू राहिलं तर रावणवधानंतर रामजन्म!

कष्ट आहेत, ते लपवत नाही. स्वच्छ सीडी पाच-दहा मिनिटांत उतरते, ओरखडे असलेली तासभर घरघरत बसते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आपली प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून बघतं, पण मराठी सीडी त्या यादीत बहुधा नसतेच. म्युझिकब्रेन्झवरही अल्बम न सापडण्याची सवय करून घ्या. तिथे नोंद कुणालाही करता येते. मी बऱ्याच केल्या, पुढच्याचा वेळ वाचेल.

अण्णांची ॲपबद्दलची तक्रार वेगळी होती. सबस्क्रिप्शन संपलेल्या आठवड्यात विलंबित आणि द्रुत (रागाचा संथ आणि जलद भाग) यांच्या मधोमध साबणाची जाहिरात आली. ‘अगं, त्याला समेवर तरी येऊ दे की!’ मी म्हटलं, ‘अण्णा, ते समेवर आल्यावरच आलं.’ त्यांना पटलं नाही. फाइलींच्या बाबतीत हा प्रश्नच नाही, फक्त प्लेअर दोन ट्रॅकमध्ये फट न ठेवणारा निवडा.

सिनेमांबाबत मी एवढी उत्साही नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, त्रेचाळीस इंची टीव्हीवर माणसं धुक्यात उभी असल्यासारखी. डिस्कमधल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल तशीच उचलून ठेवा, व्हीएलसी ती चालवतो. पण सिनेमा ॲपवर चांगल्या प्रतीत असेल तर तिथेच बघावा. आमच्या काही व्हीसीडींत तर गाणीच कापलेली निघाली. फक्त ॲपवरचा सिनेमा हक्कांची मुदत संपली की निघून जातो. यूट्यूबवर भाड्यानं घेतलेला साधारणपणे तीस दिवसांत सुरू करून अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा असतो. ‘विकत घ्या’ हे बटण दाबलं तरी मिळतो तो परवाना. प्रती राखण्याचं महत्त्व त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांच्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. त्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती, पहिलं आणि शेवटचंच आज उरलंय.

जेलीफिन मराठी सिनेमांना भलतीच पोस्टरं लावतं. त्याच नावाचा हिंदी सिनेमा असला की हमखास. फोल्डरच्या नावापुढे कंसात वर्ष लिहिलं की बहुतेक वेळा सुधारतं. म्युझिक व्हिडिओंचं मी फारसं काही केलं नाही, ते यूट्यूबवरच बरे.

नेटचा मुद्दा आमच्याकडे सध्या मोठा आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता उकरला आणि केबल तुटली, तीन-चार दिवस नेट बंद. ॲप मुकं झालं, घरच्या वायफायवर जेलीफिन निवांत चालू. मुंबईला जाताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये कसारा घाटात रेंज जाते, तिथे ॲपचं डाउनलोडही चालतं, पण त्यासाठी ॲप अधूनमधून नेटला जोडून सबस्क्रिप्शन चालू असल्याचं दाखवावं लागतं. मी सरळ फाइली फोनमध्ये टाकून नेते.

नातेवाइकांनी ‘पेनड्राइव्हवर टाकून दे ना’ सुरू केलंय. घरच्या डिस्कची घरासाठी प्रत वेगळी आणि गावभर वाटणं वेगळं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रण आणि चित्रपटाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो, शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा मोजतात. त्यामुळे ‘जुनं आहे, चालतं’ हे दर वेळी खरं नसतं. दुसरी हार्ड डिस्क मात्र नक्की घ्या. आमची नणंदबाईंकडे सिडकोत असते, महिन्या-दोन महिन्यांनी नव्या फाइली चढवून येतो.

कॅसेटी अजून बाकी आहेत, आणि खरा ऐवज तिथेच आहे असं मला वाटायला लागलंय. शेजारच्या काकांनी भीमगीतांची पिशवीभर आणून दिलीत; छोट्या, स्थानिक कंपन्यांच्या, त्यातलं बरंचसं कुठल्याच ॲपवर सापडलं नाही. कॅसेट उतरवायला शॉर्टकट नाही, साठ मिनिटांची असेल तर साठ मिनिटं बसायचं, डेकच्या लाइन आउटमधून लॅपटॉपमध्ये, ऑडॅसिटीवर. आमच्या डेकचा रबरी पट्टा सैल झाल्यानं गाणं डुलतंय. तसा पट्टा नाशिकमध्ये कुठे मिळत असेल किंवा डेक दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल, तर कृपया कळवा.