टुरिस्ट व्हिसा की कामाचा व्हिसा?

दिघ्यात आमच्या चाळीत कुवेतच्या घरकामाचा विषय निघाला की दोन वाटा सांगितल्या जातात. एजंट म्हणतो, "ताई, व्हिजिट व्हिसावर चला, आठवड्यात विमान. बाकीचं तिथे बघू." ते ‘तिथे बघू’ हीच खरी गोम आहे.

दुसरी वाट, म्हणजे कामाचा व्हिसा, रखडवणारी, हे मान्य. दहावी न झालेल्या बाईचा पासपोर्ट बहुधा ईसीआर, म्हणजे काही देशांत कामाला जायला आधी सरकारी परवानगी लागणारा, असतो. मग आखाती देशांत कामाला जायला वय किमान ३० हवं, भरती सरकारी संस्थेमार्फत, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर करार आणि वर ती परवानगी. चपला झिजतात. पण हातात पगाराचा आकडा लिहिलेला कागद असतो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचं १० लाखांचं कवच. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. ठाण्याला दोघांनी जेवायला गेलं तरी याहून जास्त जातात.

कुवेतच्या २०१५ च्या कायद्यात घरकामगाराला दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला भरपगारी सुट्टी, वर्षाला ३० दिवस रजा आहे. मालकाला पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर मात्र तुम्ही कागदोपत्री पाहुण्या. पगार थकला तर दाखवणार काय? उलट बेकायदा काम केल्याचा ठपका आपल्यावरच.

माझ्या मावसबहिणीला मी सरळ सांगितलं: उशीर झाला तर होऊ दे. आणि पासपोर्ट, व्हिसा, कराराच्या झेरॉक्स आईच्या कपाटात ठेवून जा.