पहिली प्रोसेस की रन डिरेक्टरी: इनिट सिस्टीम कशावरून ओळखावी?

लिनक्स सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा आणि बाकी सेवा सुरू करणारा प्रोग्राम म्हणजे इनिट सिस्टीम; सिस्टमडी ही त्यातलीच एक. 'पीएस -पी १ -ओ कॉम=' ही कमांड पहिल्या प्रोसेसचं नाव देते. 'सिस्टमडी' आलं तर प्रश्न मिटला. 'इनिट' आलं तर मात्र नाही. सिसव्हीइनिट, अपस्टार्ट, बिझीबॉक्स या दुसऱ्या इनिट सिस्टीम सगळ्या हेच नाव लावतात. 'कॉम'ऐवजी 'आर्ग्ज' (पूर्ण कमांड) मागितलं, तर डेबियन या लिनक्स वितरणावर सिस्टमडी असूनही बहुधा '/एसबिन/इनिट' दिसतं, कारण ती फाइल नुसती सिस्टमडीकडे नेणारी सिमलिंक (दुवा) असते. बरेच जण इथेच फसतात.

'/रन/सिस्टमडी/सिस्टम' ही डिरेक्टरी आहे का ते पाहणं जास्त भरवशाचं. मशीन सिस्टमडीने बूट झालं असेल तरच ती असते; पॅकेज टाकल्याने तयार होत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये हीच तपासणी ठेवावी. ओपनआरसी या आणखी एका इनिट सिस्टीमसाठी '/रन/ओपनआरसी' पाहा. कंटेनरमध्ये (मशीनवर वेगळ्या बंदिस्त जागेत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिली प्रोसेस बॅश ही शेलही असू शकते, त्यावरून होस्टबद्दल, म्हणजे मूळ मशीनबद्दल, काही ठरवू नका.