जीएलओ रेकॉर्ड्स साईट: अमेरिकेतला मूळ पुरुष शोधायला कशीय?

आमचा साला अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो, त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याला खापरपणजोबाची जमीन हुडकायची होती तर ह्यानं परभणीला मलाच फोन लावला, कारण आमचं आयुष्य खासरा पत्रक, फेरफार असले जमिनीचे जुने कागद उकरण्यातच गेलं. साईट तिथल्या सरकारचीय, फुकट; जीएलओ म्हंजे जनरल लँड ऑफिस, तिथलं जुनं जमीन खातं. राज्य आन आडनाव टाकलं की पेटंटचा, म्हणजे सरकारनं जमीन पहिल्यांदा दिली त्याचा स्कॅन कागद समोर. आपल्याकडं खासरा वाचायला आधी उर्दू जाणणारा गाठा, मग बाकीचं!

नुस्तं नाव बघून बंद करू नका. टाऊनशिप म्हंजे जमीन मोजणीचा चौकोन, सहा मैल बाय सहा मैलांचा, त्यात 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरचा. त्याच सेक्शनमधले बाकीचे पेटंट काढा, बांधाला बांध लावून भाऊ, सासरा, मेव्हणा बसलेले सापडतात बऱ्याचदा. खरी मजा इथंच आहे राव. काही कागदावर तर माणूस आधी कोणत्या काउंटीत, म्हंजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, राहायचा तेबी लिवलेलं असतं.

पण केंटकी, व्हर्जिनियावाल्यांनी इथं टाइम घालवू नये, तिथली जमीन राज्यानंच वाटली, त्यांचं दप्तर वेगळं. आन इथं फक्त पहिला मालक दिसतो, पुढची खरेदी-विक्री काउंटी कोर्टाच्या डीड बुकात, म्हंजे खरेदीखताच्या वहीत, बायकोचं नावबी तिथंच निघतं, कारण नवऱ्यानं जमीन विकली की तिचा हक्क सोडल्याची नोंद घ्यायचे. 1862 च्या होमस्टेड कायद्यातली (राहून कसणाऱ्याला सरकारनं दिलेली) 160 एकरवाली जमीन असंल तर नॅशनल अर्काइव्हज, म्हंजे तिथल्या सरकारी दप्तरखान्यातली फाईल मागवाच, घर, पीक, लेकरंबाळं सगळं त्यात असतं.

पाचपैकी चार स्टार. स्पेलिंग मात्र दोन-चार तऱ्हेनं टाकून बघा.