ॲल्युमिनियमचा सांगून लोखंडी बोर्ड गळ्यात मारला, 53,500 गेले

पूर्ण आकडा लिहितेय, कारण जो तो विचारतो "थोडेच ना गेले?" थोडे नाही गेले. 12 बाय 3 चा बोर्ड, 36 स्क्वेअर फूट, 1,350 चा रेट, म्हणजे 48,600. फिटिंग 3,500, गाडीभाडं 1,400. त्यातले 30,000 ॲडव्हान्स घेतले आणि 23,500 बोर्ड लावल्यावर लगेच.

मालवणच्या बाजूला समुद्राला लागून आमची खानावळ आणि दोन खोल्या आहेत. खाऱ्या वाऱ्यात इथे गेटच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, म्हणून मी मुद्दाम बजावलं होतं की फ्रेम ॲल्युमिनियमचीच पाहिजे, वर 4 एमएमचं एसीपी (म्हणजे दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेली शीट), अक्षरांच्या कडा ॲल्युमिनियमच्या, तोंडाला 3 एमएम ॲक्रिलिक, आत वॉटरप्रूफ एलईडी मॉड्यूल आणि पावसात चालणारा पॉवर सप्लाय. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलंय, मी काय डोळे झाकून पैसे दिलेले नाहीत.

असली माणसं कशी असतात ते वेगळं सांगायला नको. बोर्डवाला ताई ताई करत आला, पिशवीतून सॅम्पलचं लाल अक्षर काढून हातात दिलं (ते मात्र एक नंबर होतं), वर भीती घातली की तुमचा फ्लेक्स इंग्लिश आहे, 2022 पासून दहापेक्षा कमी कामगार असले तरी मराठी पाटी लागते, दंड बसेल. कायदा खरा आहे, म्हणून तर पटलं. पैसे दिले ते यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं, तर म्हणे भावाचं खातं आहे. कोणी असं म्हणालं की तिथेच थांबा.

आता जे आठवलं की अजून अंगाची आग होते ते सांगते. बोर्ड लावताना क्लॅम्प बसेना, म्हणून त्याच्या पोराने खळ्यातच फ्रेमचा कोपरा ग्राइंडरने कापला आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. मी समोर उभी होते. सासूबाई पडवीतून बोलल्यासुद्धा, "जर्मनच्या टोपातसून कधी ठिणगे येतत काय गो?" ॲल्युमिनियम कापलं तर ठिणगी पडत नाही, लोखंडाचीच पडते. पण मेचा सीझन, दारात पुण्याची गाडी उभी, आत बांगडे तव्यावर, लाइट गेलेली, तो म्हणाला "काकी, क्लॅम्प लोखंडी आहे", तेव्हा मी काय फ्रेम खरवडत बसणार होते? त्या गडबडीत कोणीही फसलं असतं. संध्याकाळी लाइट आली, बोर्ड झगझगीत लागला, त्याने फोटो काढला आणि मी 23,500 पाठवले.

पहिल्याच पावसात अक्षरांखालून तांबडे ओघळ सुरू झाले. 'मांसाहारी'वरचा अनुस्वार डबल टेपने चिकटवलेला, तो वाऱ्याने उडून माडाच्या आळ्यात सापडला. मग स्विच लावला की एमसीबी पडायला लागला. गावातल्या वायरमनने बोर्ड उघडला तर आत घरात लावायचा जाळीवाला पॉवर सप्लाय, वर 'रेनप्रूफ' लिहिलेला स्टिकर! फ्रिजवरचं लोहचुंबक फ्रेमला लावलं, चिकटलं. अक्षरांच्या कडेला लावलं, चिकटलं. लोखंडी पाइपला चंदेरी रंग आणि पत्र्याच्या कडा. ॲक्रिलिक म्हणून जे होतं ते बोटाने दाबलं तर कडकन मोडलं. पन्नास पैशाचं पण काम होतं का हे? चुंबक पैसे देण्याआधी लावा आणि एक अक्षर समोर उघडून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर हाकलून द्या.

त्याचा फोन बंद. ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, "मालक कुठे आहेत?" अहो मीच मालक. मग "ताई, तुम्हाला बोर्ड मिळालाय ना, मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर आहे." सायबरवाल्यांनी सांगितलं हे आमच्यात बसत नाही, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकेतही तेच. ग्राहक हेल्पलाइनने एक नंबर दिला आणि पुढे पाठवलं, पुढच्या माणसाने चष्म्यावरून बघून सांगितलं की बोर्ड धंद्यासाठी घेतलाय, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे साफ खोटं आहे! 2019 च्या ग्राहक कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी कामात मोडत नाही. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. हे मला एका वकिलाच्या कारकुनाने चहा पिता पिता सांगितलं, ज्यांना हे सांगायचाच पगार मिळतो त्यांनी नाही. कोणी असं परतवलं तर लेखी द्या म्हणा, लगेच भाषा बदलते. ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या साइटवर, तक्रार टाकलीय, पण नोटीस पाठवायची कुठे? कोटेशनवर पत्ता कोल्हापूरचा आणि जीएसटी नंबर 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, फुकट आहे, बघा.

आणि पूर्ण पैसे पहिला पाऊस झाल्याशिवाय देऊ नका, निदान दहा हजार तरी अडकवून ठेवा.

आता तो देवगडच्या बाजूला ऑर्डरी घेतोय असं कळलंय, नंबर नवीन, आणि सॅम्पल म्हणून माझ्याच बोर्डाचा त्या संध्याकाळचा फोटो दाखवतोय. निळं एसीपी, लाल अक्षरं, खाली 'शाकाहारी व मांसाहारी', उजवीकडे वाकडा माड. हा फोटो कोणी दाखवला तर त्याला बसवून ठेवा आणि मला कळवा.